जशी प्रकृती, तशी कार्यपद्धती



पाडव्याला नवी वही आणावयाची, तीत पहाटे पाचपासूनचे वेळापत्रक आखावयाचे आणि रामनवमीपर्यंत ती वही फडताळात जाऊन पडावयाची, हा अनुभव अनेक घरांतला आहे. मग माणूस दोष देतो तो स्वतःच्या आळसाला. ते वेळापत्रक दुसऱ्याच्या मापाने बेतलेले होते, ही शंका त्याला क्वचितच येते. मराठी माणसांनी केलेल्या मोठ्या ग्रंथकार्यांचा इतिहास मात्र ही शंका घ्यावयास शिकवितो.

बडोद्याचे उदाहरण तर घरचेच आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. राजपुत्रांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या अध्यापनासाठी काढलेल्या टिपणांतूनच १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’ आकाराला आली. नोकरीचे काम आणि आवडीचे काम यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नाही; एकाच वाचनातून दोन्ही साधली. निवृत्तीनंतर कामशेतला राहूनही हा नेम सुटला नाही. इंग्रजीतील त्रिखंडात्मक मराठ्यांचा इतिहास त्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे उलटली होती.

इतिहासाचार्य राजवाडे यांची रीत याच्या अगदी उलट. त्यांचे कागद वाड्यांत, मठांत, गावोगावच्या दप्तरांत विखुरलेले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही आणि भ्रमंती हीच कार्यपद्धती केली. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड या पायपिटीचे फळ होत. सरदेसायांची दिनचर्या राजवाड्यांवर लादली असती, तर ते कागद कोणी शोधले असते?

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी वकिली सांभाळून काम केले. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला प्रस्तावना लिहावी, एवढाच मूळ हेतू. ती वाढत जाऊन धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड झाले. पहिला १९३० मध्ये निघाला, शेवटचा भाग १९६२ मध्ये. डॉ. श्री. व्यं. केतकरांचे काम मात्र एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून त्यांनी भागभांडवल उभारले, सहकाऱ्यांचे मंडळ जमविले, कामाची वाटणी केली आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ विभाग तडीस नेले.

या चौघांच्या सवयी एकमेकांशी जुळत नाहीत. जुळते ते एवढेच की, प्रत्येकाने आपली प्रकृती, आपला चरितार्थ आणि हाती घेतलेले काम यांचा मेळ घातला. सामान्य माणसालाही हे जमण्यासारखे आहे. नवे वेळापत्रक आखण्यापूर्वी पंधरा दिवस नुसती नोंद ठेवावी : काम खरोखर कोणत्या वेळी झाले, किती वेळ टिकले, कशाने मोडले. कोणाचे मन पहाटे लागते, तर कोणा गृहिणीला दुपारची झाकपाक झाल्यानंतरचा तासच आपला वाटतो. कोणी रोज एक पान लिहितो, कोणी आठवडाभर काही न करता रविवारी दहा पाने लिहून उठतो. कोणाला एकांत लागतो, तर कोणाला सोबतीला कोणी बसल्याशिवाय लेखणी उचलवत नाही. नोंद जे दाखवील, त्यालाच धरून एक सवय लावावी. ती महिनाभर टिकली तर ठेवावी. न टिकली तर स्वतःला न कोसता बदलावी.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी घरांत मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी उरली आहेत. ‘सलग सवड मिळाली की लिप्यंतर करू,’ असे म्हणत त्यांतली कित्येक निघून गेली. रुमाल तसेच राहिले. अशी सवड बहुधा येत नाही. रोजचा अर्धा तास असो वा रविवारची दुपार, ज्याला जी मानवेल तिच्यात एक रुमाल सुटला, तरी एका घराचा इतिहास वाचेल.