माइनक्राफ्टमधला फोटो जातो कुठे?



मुलांनी माइनक्राफ्टमध्ये खपून घर बांधलं.
त्याचा फोटो जपायलाच हवा, नाही का?

संगणकावरच्या जावा आवृत्तीत हे सोपं आहे.

आधी एफ १ दाबा.
पडद्यावरची चिन्हं लपतील.

मग एफ २ दाबा.
झाला स्क्रीनशॉट!

पुन्हा एफ १ दाबा.
चिन्हं परत येतील.

आता टी दाबून चॅट उघडा.
तिथे फाइलचं नाव दिसेल.
त्यावर क्लिक करा.
चित्र समोर येईल.

जुना फोटो शोधायचाय?
गेमच्या फोल्डरमध्ये ‘स्क्रीनशॉट्स’ नावाचं फोल्डर असतं.
प्रत्येक फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ असते.

पुन्हा सांगते.
फोटोसाठी एफ २.
शोधण्यासाठी ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डर.

मुलांची मेहनत जपून ठेवा.