मैदानावरचा जांबवान

(केडगाव, अहिल्यानगर येथे क्रीडा प्रशिक्षक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



तालीम म्हटली की मारुतीची मूर्ती आलीच. समर्थांनी बलोपासनेसाठी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली, हे आपण जाणतोच. परंतु रामायणातील एका प्रसंगाकडे आपले दुर्लक्ष होते. समुद्रतीरावर सारे वानरवीर हताश बसले होते आणि ज्याच्या अंगी सागर उल्लंघण्याचे सामर्थ्य होते, तो हनुमान एका बाजूला मूक होता. वृद्ध जांबवानाने त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिली. त्याने खोटी स्तुती केली नाही; जे होते, तेच दाखवले. उड्डाण हनुमंताने केले. प्रशिक्षकाचे कार्य याहून वेगळे नाही.

या कसोटीला मी स्वतः एकदा उतरलो नाही. खो-खोच्या एका सामन्यात अखेरच्या मिनिटाला आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने पाठलाग करताना दिशा बदलली. गडी निसटला, सामना गेला. त्याच्या वडिलांदेखत मी त्याला म्हणालो, “तुझ्यामुळे हरलो.” दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. तो पराभव आम्ही आठवड्यात विसरलो. तो मुलगा मला आजही आठवतो. चूक एका कृतीत होती, शिक्षा मात्र मी त्याच्या साऱ्या व्यक्तित्वाला दिली.

कोणी म्हणेल, कौतुकाने मुले शेफारतात. रमाकांत आचरेकर सरांचे उदाहरणही दिले जाईल. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोप घेताना सचिन तेंडुलकरने सांगितले होते की, २९ वर्षांत सरांनी आपल्याला ‘चांगला खेळलास’ असे कधीही म्हटले नाही. हे खरेच आहे. पण याच सरांनी त्याला स्कूटरवर बसवून मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांसाठी नेले. सरावाच्या वेळी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे. सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर नाणे सचिनचे. अशी १३ नाणी त्याने जिवापाड जपली. सरांनी शब्द राखून ठेवले, लक्ष राखून ठेवले नाही. मुलाला भूक असते ती गोड शब्दांची नव्हे, आपली दखल घेतली जाण्याची. आपण सरांचे मौन तेवढे उचलतो आणि स्कूटर विसरतो!

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या सुपुत्राचे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. पुढच्या मेलबर्न कसोटीत संगमनेर तालुक्यातील अजिंक्य रहाणे कर्णधार होता. ११२ धावांवर असताना रवींद्र जडेजाचे अर्धशतक पूर्ण करणारी एकेरी धाव घेताना तो धावबाद झाला. जडेजाचा चेहरा पडला. रहाणे मात्र त्याच्यापाशी गेला, त्याला धीर दिला आणि मगच तंबूकडे परतला. तो सामना भारताने आठ गडी राखून जिंकला. दोष देण्याचा अधिकार असताना धीर देणे, हेच खरे नेतृत्व.

मग नेमके काय करावे? नुसते ‘शाब्बास’ पुरेसे नाही; कशासाठी ते सांगावे. “आज चढाईत तुझी नजर कोपऱ्यातल्या खेळाडूवरून हटली नाही,” असे सांगितले की तो गुण मुलाच्या मनात पक्का होतो. चूक एका वेळी एकच दाखवावी, शक्यतो एकांतात, आणि ती सुधारण्याची रीतही त्याच वेळी करून दाखवावी. पदक हाती नसते, परिश्रम हाती असतात. म्हणून दखल परिश्रमांची घ्यावी. राखीव खेळाडूचेही नाव घेऊन विचारपूस करावी. पालकांनी घरी परतताना “जिंकलास का?” याआधी “आज काय शिकलास?” असे विचारावे.

मित्रहो, आपल्या हाताखालची सारीच मुले-मुली देशासाठी खेळणार नाहीत. पण ती सारी या देशाचे नागरिक होणार आहेत. पडल्यावर उठणे आणि पडलेल्या सोबत्याला हात देणे, हे ती मैदानावरच शिकतील. मात्र त्यासाठी आधी ती मैदानावर टिकली पाहिजेत.

मारुतीची मूर्ती प्रत्येक तालमीत आहे. तिच्यासमोर रोज सायंकाळी एक जांबवान उभा राहावा, एवढीच प्रार्थना.

भारत माता की जय!