गावच्या गेलेल्या माणसांचे स्मरण

(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या स्मृतिसभेतील भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम देवाच्या कृपेने व सर्वांच्या हातभाराने पुरे झाले. कळस चढला, सभामंडपात नवी फरशी बसली. हिशेब या स्मरणिकेत छापलेला आहेच. आजची सभा मात्र ज्यांना हा कळस पाहावयास मिळाला नाही त्यांच्यासाठी आहे. गेल्या काही वर्षांत जी माणसे कालवश झाली त्यांची नावे श्रद्धांजलीच्या पानावर दिलेली आहेत. ती पुन्हा वाचून दाखवीत बसण्यापेक्षा ती माणसे काय करीत होती, त्यांच्याबरोबर गावातून काय निघून गेले, याचा दोन शब्दांत विचार करणे अधिक योग्य होईल.

माणूस मेला की सरकार दरबारी त्याचे काय होते, हे प्रथम पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची. जमीनजुमला असल्यास वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची. तलाठी या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे लांबलचक नाव झाले आहे, गाव अजून तलाठीच म्हणतो. वर्दीची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार पडतो, तो मंजूर होतो, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस करीत असत. जन्मभर त्या जमिनीत राबलेला माणूस असा दोन वाकड्या रेघांत जाऊन बसे. तेथे त्याचे सरकारी आयुष्य संपले.

यात सरकारचा दोष नाही. कचेरीला माणसाचे नाव आणि गट नंबर पाहिजे, त्याचा स्वभाव नको. पूर्वीच्या कोतवाल बुकात निदान मरणाचे कारण तरी लिहीत. ताप, पटकी, देवी. एका शब्दात सारे. कित्येक जुनी बुके मोडीत आहेत आणि ती वाचणारी माणसेही आता थोडीच उरली. कोणी दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधावयास आला तर त्याला तारीख मिळते, नाव मिळते, ताप मिळतो. पणजोबा मिळत नाहीत.

मग पणजोबा कोठे मिळावयाचे? ते गावाच्या तोंडी होते. आणि गावाचे तोंडच आता मिटत चालले आहे.

मीरा-भाईंदरची स्थिती वेगळी सांगावयास नको. राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, नवघर, काशी, घोडबंदर ही सारी पूर्वी आपापल्या वेशीतली गावे. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. नव्याने आलेली मंडळी कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. या देवळाच्या देणगीदारांतही ती आहेत. परंतु त्यांना गावचा जुना माणूस ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सांगावयाचा तर जुन्या घरांनीच.

येथील जुन्या घरांचा मूळ धंदा शेती, मासेमारी, रेती आणि मीठ. त्यात मिठाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आगरी या नावातच आगर आहे. मीठ आपोआप पिकते असा पुष्कळांचा समज असतो. पाऊस सरला की बांधबंदिस्तीचे काम निघे. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, मोठ्या कोंडीत साठवावयाचे, तेथून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत उन्हाने आटवावयाचे. तळाची माती पायांनी तुडवून इतकी घट्ट करावयाची की पाणी झिरपता कामा नये आणि मिठात चिखल येता कामा नये. पाण्याची तीव्रता मोजण्यास काचेचे यंत्र असते. बोमे मापाने साधारण २५ अंशांवर मीठ धरू लागते, आणि ३० च्या जवळ गेले की कडवट क्षार उतरू लागतात, म्हणून ते पाणी वेळीच सोडून द्यावे लागते. जुने आगरकरी हे यंत्राशिवाय ओळखीत. पाण्यावर लाली आली, फेस कडेला धरू लागला, बोट बुडवून जिभेला लावले, की झाले. ही विद्या कोणत्याही शाळेत नव्हती. बापाच्या मागे बांधावर चालत मुलगा ती शिके. पुढे मीठ ओढावयाचे, पाटीने डोक्यावर वाहून ढीग घालावयाचे, आणि पहिला पाऊस येण्याआधी ते ढीग शाकारावयाचे. एक अवकाळी सर आली की महिन्याचे काम पाण्यात.

त्या कामाने पायांचे काय होते हे जुन्या घरांतून सर्वांनी पाहिले आहे. भेगा पडलेल्या टाचा, राठ झालेली पोटरी. कच्छच्या रणातील अगरियांविषयी असे सांगतात की त्यांचे पाय चितेत लवकर जळत नाहीत. त्यातले खरे किती ते असो. येथल्या आगरकऱ्यांच्या पायांना शेवटचे पाणी घालताना घरच्यांच्या हाताला जे लागले असेल, ते कोणाही मुलाला विसरता यावयाचे नाही. आता मीठ पिकविणे कमी कमी होत गेले, मुले नोकरीला लागली, ते चांगलेच झाले. कोणी आपल्या नातवाने पुन्हा चिखल तुडवावा अशी इच्छा धरणार नाही. पण गेल्या काही वर्षांत जी माणसे गेली, त्यांत लालीवरून पाणी ओळखणारे हात संपले, एवढे मनात ठेवावे.

रेतीचेही तसेच. वसईच्या खाडीत होडी नांगरून, वाशाला धरून, बादली घेऊन तळाशी जाणारे डुबीवाले. कचेरीच्या कागदात याला 'हातपाटी-डुबी पद्धत' म्हणतात. एका श्वासात खाली जाऊन बादली भरावयाची आणि वर यावयाचे, असे दिवसभर. कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या भिंती ज्या वाळूत उभ्या राहिल्या त्यातली किती बादली-बादलीने वर आली याचा हिशेब कोठे नाही. स्वामित्वधनाच्या पावत्या मात्र आहेत.

स्त्रियांविषयी बोलावयास हवे, कारण त्यांची नोंद तर याहूनही थोडी. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन भाईंदर स्टेशनवर चालत जाणाऱ्या, मासळी-भाजी विकून दुपारच्या गाडीने परतणाऱ्या बायांनी कित्येक घरांच्या शिक्षणाचा खर्च केला. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ साली आली. तिच्या लगेजच्या डब्यात या गावांच्या तीन पिढ्या बसून गेल्या म्हणावयास हरकत नाही. गाव त्यांना माहेरच्या नावाने ओळखी. कोणी राईवाली, कोणी उत्तनवाली. चाळीस-पन्नास वर्षे शेजारी राहूनही त्या बाईचे स्वतःचे नाव ठाऊक नसते, आणि मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरताना घरातलेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. हे नवल नाही, नेहमीचे आहे.

आणि धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात ब्राह्मणाच्या मंत्रांइतकाच तिच्या धवळ्यांना मान. देवांना, कुळाला, पूर्वजांना नावे घेऊन मांडवात बोलाविण्याचे काम तिचे. हळदीच्या रात्री तासन् तास ती गाई, आणि कागदाचा एक चिटोरा हाती नसे. आता हळदीला मोठमोठे कर्णे लागतात, त्यात धवलारीण असली तरी ऐकू यावयाची नाही. एक धवलारीण गेली म्हणजे तिच्या पाठची सारी वही गेली. ज्या घरी अजून अशी वृद्धा आहे त्यांनी मोबाईलवर तिचा आवाज धरून ठेवण्यास आज संध्याकाळ पुरे आहे. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहेच, इतर कामांना तो भरपूर वापरला जातो.

आता कोरोनाच्या काळाविषयी. त्याचे दुःख अजून ओले आहे म्हणून थोडक्यात. मार्च २०२० मध्ये सारे बंद झाले. देवळेही बंद झाली, ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी पाडव्याला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा, आणि कोरोनाने गेलेल्याला तर घरचेही दुरून पाहणार. ज्या गावात माणूस गेला की चूल पेटत नसे, तेथे खांदा द्यावयास चौघे जमेनात. भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात गेलेला माणूस परत येतो की नाही याची खबर फोनवर यावयाची. जून २०२० मध्ये नगरसेवक हरिश्चंद्र आमगावकर याच रोगाने गेले. लोकप्रतिनिधीची ही गत, तर साध्या माणसाची काय सांगावी? त्या दीड वर्षात जे गेले त्यांचे दहावे-तेरावे धड झाले नाही, शोकसभा झाली नाही, गावाने त्यांच्याविषयी चार शब्द बोलले नाहीत. रीत म्हणून ते ऋण गावावर राहिले आहे. आजची सभा उशिरा भरली आहे, पण भरली आहे.

याच शहराने एक मोठी अंत्ययात्राही पाहिली. मेजर कौस्तुभ राणे, मीरा रोडचे रहिवासी, ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना तीन जवानांसह धारातीर्थी पडले. वय अवघे २९. त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा लोटलेली गर्दी अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. पुढे त्यांच्या पत्नी कनिका याही लष्करात दाखल झाल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले. अशा वीराचे स्मरण देश करतो, त्याला गावाच्या वहीची गरज नाही. वहीची गरज आहे ती बांध बांधणाऱ्याला. येथून जवळच धारावीचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी जिंकला आणि चिमाजी अप्पांचे नाव अमर झाले, ते योग्यच. मोर्चे लावताना माती कोणी वाहिली, होड्या कोणी वल्हविल्या, ती नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणून जीर्णोद्धार समितीपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. देणगीदारांचा संगमरवरी फलक भिंतीवर लागला आहे. रकमेप्रमाणे नावे वरखाली आहेत. दात्यांचा मान राहिलाच पाहिजे, त्यांच्याशिवाय काम झाले नसते. पण पहिले देऊळ ज्यांनी अंगमेहनतीने उभे केले, ज्यांनी पावसाळ्यात गळक्या कौलांखाली दिवाबत्ती चुकू दिली नाही, त्यांच्यापाशी देण्यास रक्कम नव्हती, म्हणून फलकावर त्यांना जागा नाही. फलक वाढविता येणार नाही, आणि त्यावरून तंटे नकोत. वही मात्र ठेविता येते.

ही कल्पना नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या आपल्या वह्यांत लिहून ठेवतात. आपले ख्रिस्ती शेजारी डोंगरी-उत्तनला आपल्या चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा व मरण दोन्ही टिपतात, आणि २ नोव्हेंबरला थडग्यांवर फुले-मेणबत्त्या ठेवतात. सरकारनेसुद्धा १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. तीत गावोगाव चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या आणि वर्षानुवर्षे राहिलेल्या वारसनोंदी पुऱ्या करण्याचे काम धरले. ज्यांच्या घरी अजून आजोबांच्याच नावाचा उतारा चालू आहे त्यांनी तेही काम उरकून घ्यावे, पुढे भावाभावांत वाकडे येते ते यातूनच. चावडीवर जमिनीसाठी मयतांची नावे वाचता येतात, तर देवळात माणसासाठी का वाचता येऊ नयेत?

वहीत रकाने फार नकोत. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, पाडा, गेल्याची तिथी व तारीख, आणि एक मोठा मोकळा रकाना 'काय करीत होते' एवढ्यासाठी. तेथे 'शेती' असे एका शब्दात लिहून भागवू नये. कोणते आगर, कोणाची होडी, कोणाकडून शिकले, कोणाला शिकविले, भजनात काय वाजवीत, कोणत्या गोष्टीवरून चिडत, हेही चालेल. मयताची स्तुतीच लिहिली पाहिजे असे बंधन नाही, पण निंदा नको. लिहिण्याचे काम कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी घ्यावे. म्हाताऱ्यांपाशी बसावयाची त्यांना तेवढीच सवय होईल. वही पुजाऱ्यांच्या ताब्यात, देवळाच्या कपाटात राहावी, आणि सर्वपित्री अमावास्येला सायंकाळी आरतीनंतर तासभर वाचली जावी.

पहिल्या पानांवर कोरोनाच्या काळात गेलेल्यांची नावे घ्यावीत, म्हणजे त्यांचे राहिलेले बोलणे प्रथम होईल. ज्यांच्या घरची माहिती द्यावयाची असेल त्यांनी ती येत्या सर्वपित्रीपूर्वी समितीच्या सभासदांकडे लेखी अथवा तोंडी द्यावी. मृत्यूचा दाखला आणण्याची आवश्यकता नाही. स्त्रियांची माहिती देताना तिचे माहेर, आणि तिचे स्वतःचे नाव, घरी नीट विचारून द्यावे.