माहिती ही अमानत आहे



संगणक आणि मोबाईल वापरताना घ्यावयाची काळजी, या विषयावर मला बोलण्यास सांगितले आहे. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. तरीही मी होकार दिला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती आपणापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे होते. चुका राहू नयेत म्हणून मुलांची नावे, पालकांचे मोबाईल नंबर आणि बँकेचे खाते क्रमांक असलेली सर्व यादी मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. काम एका दिवसात उरकले, याचे मला समाधानही वाटले. महिन्याभराने एक आई शाळेत आल्या. विड्या वळून त्या घर चालवितात. म्हणाल्या, "सर, स्कॉलरशिप मंजूर झाली म्हणून फोन आला होता. मुलीचं नाव, खात्याचा नंबर, सगळं बरोबर सांगितलं. मग मोबाईलवर आलेला नंबर मी सांगितला." त्यांच्या खात्यातून ४,२०० रुपये गेले होते. ती यादी माझ्या ग्रुपमधूनच फुटली, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण फुटली नाही, असेही सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, शिक्षण नाही म्हणून त्या फसल्या. तसे नाही. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ऑगस्ट २०१८ मध्ये भामट्यांनी तिच्या संगणक यंत्रणेत शिरकाव केला आणि एटीएममधून आलेली मागणी तपासणाऱ्या खऱ्या यंत्रणेऐवजी खोटी यंत्रणा उभी केली. खरा पहारेकरी बाजूला सारून, प्रत्येकाला 'जा आत' म्हणणारा तोतया दारात बसवावा, तसा हा प्रकार. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. एवढी मोठी संस्था जेथे फसते, तेथे आपण गाफील राहून कसे चालेल?

शिष्यवृत्तीचेच पाहा. २०२० साली झारखंडमध्ये उघडकीस आले की, दलालांनी मुलांचे आधार क्रमांक व बोटांचे ठसे मिळवून त्यांच्या नावावरची शिष्यवृत्ती लाटली. पुढे केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्ती योजनेची चौकशी झाली, ८३० संस्था संशयास्पद आढळल्या आणि २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदविला. ज्या पैशावर गरिबाच्या मुलाची वह्या-पुस्तके यावयाची, तो असा जातो. आणि चोराला कुलूप फोडावे लागत नाही. किल्ली बहुधा आपणच देतो.

म्हणून शाळा, महाविद्यालय व विद्यापीठाच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवू नका. एकच पासवर्ड चौघांत वापरू नका. चूक झाली तर ती कोणाची, हेही कळत नाही. जागेवरून उठताना संगणक बंद किंवा लॉक करा. अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका. ई-मेलमधील लिंक उघडण्यापूर्वी, पत्र खरोखर त्याच कार्यालयाचे आहे का, हे फोन करून विचारा. आणि मुलांची यादी ग्रुपवर टाकू नका. प्रत्येक पालकाला त्याची माहिती त्यालाच दाखवा. वेळ लागेल, लागू द्या.

पालकांनो, ओटीपी म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली. बँक, शाळा किंवा सरकारी कार्यालय ती फोनवरून मागत नाही. आधारची झेरॉक्स मागितली तर ती कशासाठी, हे विचारा. शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार चालत असेल तर तेच द्या. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाच्या यंत्रावर अंगठा ठेवू नका. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत तो रोखता येतो. त्या आई दोन दिवसांनी आल्या होत्या. तोवर पैसे काढले गेले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर एक जबाबदारी आहे. 'हा क्रमांक कोणाला सांगू नका' असे त्या मेसेजमध्येच लिहिलेले असते, पण पुष्कळदा इंग्रजीत. तुमच्या अम्मीला, दादीला तो वाचता येत नाही. तुम्ही शिकलात, तर त्याचा पहिला उपयोग घरात होऊ द्या. तो मेसेज त्यांना वाचून दाखवा, अर्थ समजावून सांगा.

गेल्या वर्षी अर्ज भरताना त्याच आईंनी मला विचारले, "सर, नंबर दिला तर चालेल ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. दुसऱ्याची वस्तू अमानत म्हणून आपल्याकडे असली, तर आपण ती जिवापाड जपतो. दुसऱ्याची माहितीही तशीच अमानत आहे. त्या प्रश्नाला "हो" म्हणण्याचा अधिकार आपण सर्वांनी कमवावा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.