आभारांचे उत्तर



कोणत्याही सोहळ्यात आभारप्रदर्शन हा शेवटचा कार्यक्रम असतो. आभार मानणारा पुष्कळ बोलतो. ज्याचे आभार मानले जातात तो मात्र काय उत्तर द्यावे या विवंचनेत मान खाली घालून बसतो. त्या दुसऱ्या माणसाविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

मी सिल्वासाहून आलो आहे. दादरा व नगर हवेली हा मुलूख लहान. पण वारली, गुजराती, मराठी आणि हिंदी या भाषा तेथे एकाच बाजारात कानी पडतात. १७८३ मध्ये नगर हवेली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली, १७८५ मध्ये दादरा त्यांनी घेतले, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या राज्यकर्त्यांच्या भाषेत आभाराचा शब्द ‘ओब्रिगादो’, म्हणजे ‘मी बांधला गेलो’. त्यावरचे उत्तर ‘दे नादा’, म्हणजे ‘काहीच नाही’. एकाने गाठ मारावी, दुसऱ्याने ती सोडावी.

आपल्या ‘आभार’ या शब्दातही भार ऐकू येतोच. मराठी माणूस ‘त्यात काय एवढे!’ म्हणून तो भार उतरवून ठेवतो. गुजराती शेजारी ‘कंई वांधो नहि’ म्हणतो, हिंदीभाषक ‘कोई बात नहीं’. गोव्यात मुळात आभार मानतानाच ‘देव बरें करूं’ म्हणतात. फेड देवावर सोपवलेली असते. अमेरिकी मनुष्य ‘यू आर वेलकम’ म्हणून आभार स्वीकारतो, तर जुन्या वळणाचा इंग्रज ‘नॉट ॲट ऑल’ म्हणून ते परतवतो. आणि आपल्या घरात? पानात पोळी वाढणाऱ्या आईला ‘धन्यवाद’ म्हटले, तर ‘मी काय परकी आहे का?’ असा प्रश्न आलाच म्हणून समजा.

हे सारे मला ठाऊक होते, तरीही मी चुकलो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, भर पावसात, खानवेलच्या रस्त्यावर माझी स्कूटर चिखलात रुतली. शेतातून एक वारली गृहस्थ आले. त्यांनी गाडी ओढून काढली, मला आपल्या पडवीत बसवले, कोरा चहा दिला. निघताना मी म्हणालो, ‘आपला फार आभारी आहे.’ ते नुसते पाहत राहिले. मी नोट पुढे केली; त्यांनी हात मागे घेतला आणि ते शेताकडे वळले. मला तो रुक्षपणा वाटला.

दोन महिन्यांनी तेच गृहस्थ जमिनीच्या कामाचा अर्ज लिहून घ्यायला माझ्या दारी आले. सांगायला लाज वाटते, पण मनातील अढीमुळे मी त्यांना दोन तास ओट्यावर ताटकळत ठेवले. मग अर्ज लिहून दिला. त्यांनी कागदाची घडी केली आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. मी शेजाऱ्यांकडे तक्रार केली, ‘हे लोक कृतघ्नच!’ ते वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘साहेब, गावात अर्ज लिहिणारे पुष्कळ आहेत. ते तुमच्याकडे आले. तुमच्या आभाराचे उत्तर ते हेच.’

त्यांनी मला उपकाराच्या वहीत मांडलेच नव्हते. ओळखीच्या माणसांत घेतले होते. मीच त्यांना परके करीत होतो. पुढच्या पावसाळ्यात दारात रानभाजीची एक जुडी ठेवलेली आढळली. कोणी ठेवली हे विचारण्याची गरज उरली नव्हती.

एका अनुभवावरून साऱ्या समाजाचा स्वभाव ठरवणे योग्य नव्हे, आणि तसा माझा दावाही नाही. मात्र ज्याचा अर्ज आपल्या हाती असतो, त्याच्या मौनाचा अर्थ लावण्याची घाई आपण करू नये, इतके मी शिकलो. आपल्याला अपेक्षित असलेला शब्द आला नाही म्हणून एखाद्याचे काम अडणे, हा शिष्टाचाराचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

शंभर वर्षे या संस्थेने असंख्य वाचकांना पुस्तके दिली. तिचे आभार कसे मानावेत? माझ्या लहानपणीच्या ग्रंथपालांना मी एकदा मोठ्या नम्रतेने ‘आभारी आहे’ म्हणालो होतो. चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, ‘पुस्तक वेळेवर परत आण, म्हणजे झाले. रांगेत दुसरा आहे.’

आभाराला याहून चांगले उत्तर मी आजवर ऐकलेले नाही.