शोधापासून बांधापर्यंत : भोर-वेल्ह्यातील तंत्रउद्योजकतेचा पाठ



तंत्रज्ञानावर आधारलेला उद्योग कसा उभारावा, हा आता विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये नवोपक्रमांना चालना देण्यासाठी विद्यापीठांत स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने विद्यार्थ्याच्या उद्योगकार्याला श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली. परंतु हा विषय शिकावयाचा कोठे आणि कशावर, हा प्रश्न शिल्लक राहतोच. भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके त्याचे एक उत्तर देऊ शकतील. यांपैकी वेल्ह्याचे नामांतर राजगड असे करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला.

या तालुक्यांनी इतरांना पुष्कळ दिले आहे. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांवाटे बारामती आणि फलटणच्या मळ्यांना मिळते. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. पाण्यामागोमाग येथील तरुणही नोकरीसाठी खाली उतरतात. मागे उरते ते डोंगरउतारावरचे भातखाचर आणि त्यात राबणारी वडीलधारी माणसे व स्त्रिया. तेव्हा उद्योजकतेच्या अभ्यासाचा आरंभ या खाचरापासूनच करणे उचित होय.

भातशेतीत एक जुनी अडचण आहे. शेतकरी युरिया फेकून देतो. जोराचा पाऊस झाला की पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरते आणि खताचा मोठा अंश वाहून जातो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीने यावर उपाय सांगितला. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, म्हणजेच ब्रिकेट, ही ती चार सूत्रे. सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचावयाची. खत मुळांशी राहते आणि सावकाश लागू पडते.

शोध लागला, प्रयोग यशस्वी झाला. मग तो प्रत्येक बांधावर आपोआप पोहोचावयास काय हरकत होती? येथेच तंत्रउद्योजकतेचा अभ्यास सुरू होतो. गोळी कोणीतरी करावी लागते. ती गावाजवळ, लावणीच्या दिवशी आणि परवडणाऱ्या दरात मिळावी लागते. हे जो घडवून आणतो तो उद्योजक. शास्त्रज्ञाचे काम जेथे संपते तेथून त्याचे काम सुरू होते.

विद्यार्थ्याने हे गणित कागदावर मांडून पाहावे. १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने लावणी केली, तर एका हेक्टरात ६२,५०० गोळ्या लागतात. त्यांचे वजन सुमारे १६९ किलो भरते. गावात ४० हेक्टर भात आहे असे समजू. गोळ्यांची गरज पावणेसात टनांची झाली, आणि ती सर्व लावणीच्या मोजक्या आठवड्यांत! उरलेल्या वर्षात यंत्र काय करील? युरिया हवेतील ओल शोषतो, मग पावसाळी हवेत माल कोरडा कसा ठेवावा? कच्च्या मालासाठी आगाऊ पैसा कोण देईल? खत तयार करून विकावयाचे तर खत (नियंत्रण) आदेश, १९८५ काय सांगतो? आणि वाकून गोळी खोचण्याचे जादा श्रम ज्या स्त्रियांच्या वाट्याला येतील, त्यांचे मत कोणी विचारले काय? अशा प्रश्नांनी रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र, हिशेब आणि कायदा एकाच वहीत येतात.

यात जोखीम आहे, आणि ती सर्वांना सारखी नाही. विद्यार्थ्याचा प्रयोग फसला तर त्याला पुढचे सत्र असते. शेतकऱ्याचा खरीप वर्षातून एकदाच येतो. म्हणून पहिल्या वर्षी प्रयोग एका आरावर करावा. त्याला ६२५ गोळ्या पुरतात. शेजारच्या खाचरात नेहमीची पद्धत ठेवावी आणि दोन्हींचे उत्पन्न शेतकऱ्यासमक्ष मोजावे. नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हे लावणीपूर्वी लेखी ठरवावे. ही शिस्त शिकविली नाही तर उद्योजकता म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर केलेले धाडस ठरेल.

अशा शिक्षणाचा अनुभव याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेल्या मुलांना तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन ही कामे शिकविली जाऊ लागली. काम खरे, गिऱ्हाईक खरे आणि हिशेबही खरा, हे त्या शिक्षणाचे वैशिष्ट्य. पाबळ कोरडवाहू मुलखात आहे, तर वेल्हे अतिवृष्टीच्या. तेथील यंत्र जसेच्या तसे उचलून येथे आणण्याने भागणार नाही. घ्यावयाची आहे ती पद्धत : आधी गावाची गरज, मग हाताचे काम आणि त्यातून सिद्धान्त.

या कामी प्रत्येकाचा वाटा आहे. शिक्षकांनी क्षेत्रप्रकल्पाचे श्रेयांक केवळ अहवालावर न देता शेतकऱ्यासमक्ष झालेल्या मोजणीवर द्यावेत. ग्रामपंचायतीने भाताखालील क्षेत्र, खताची दरवर्षीची उचल आणि भातगिरणीवर निघणारे तूस यांची साधी नोंद ठेवावी. विद्यार्थ्याला तीच सर्वांत मोलाची सामग्री होय. शक्य तेथे यंत्रासाठी एखादी कोरडी खोली द्यावी. अधिकाऱ्यांनी परवान्याची आणि कर्जाची माहिती लावणीच्या तोंडावर न देता उन्हाळ्यातच गावात येऊन द्यावी, कारण जुलैत मिळालेली मंजुरी त्या वर्षापुरती निरुपयोगी असते.

मित्रहो, अशा अभ्यासातून निघणारा प्रत्येक विद्यार्थी कारखानदार होईल असे नव्हे. पुष्कळजण नोकरीच करतील. परंतु एखादी वस्तू बांधावर पोहोचण्यास काय काय लागते, हे ज्याने एकदा पाहिले, तो पुढे अभियंता, अधिकारी वा शिक्षक झाला तरी निराळा निर्णय घेईल. आणि भोर-वेल्ह्यातील एखाद्या तरुणाला आपल्याच गावात वर्षभर चालणारा धंदा दिसला, तर शहराची वाट धरण्यापूर्वी तो एकदा थांबून विचार करील. तशी संधी त्याला मिळवून देणे हे विद्यापीठ, पंचायत आणि शासन या तिघांचेही काम आहे.