गर्भवतीचे ताट आणि तुरीचा भाव

(बदनापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गरोदर स्त्रीने केवळ शाकाहारावर राहिले तर तिचे व तिच्या बाळाचे पोषण नीट होते काय, असा प्रश्न या वर्गासाठी ठेवला गेला आहे. हा प्रश्न वैद्याला विचारायचा, अर्थशास्त्राच्या शिक्षकाला कशासाठी, असे कोणाला वाटेल. परंतु वैद्यकाचे उत्तर थोडक्यात सांगता येते: होय, होते; मात्र काही अटींवर. त्या अटींची यादी वाचू लागलो की आपण दवाखान्यातून निघून थेट बाजारात, रेशनच्या दुकानात आणि अंगणवाडीच्या दारात येऊन पोहोचतो. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. शाकाहार दोन प्रकारचा असतो. एक व्रताचा आणि दुसरा खिशाचा. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले. म्हणजे उरलेले ६० टक्के मांसाहारी झाले. पण मराठवाड्यातील शेतमजुराच्या घरात मटण शिजते ते जत्रेला, सणाला किंवा पाहुणा आला तर. वर्षातले बहुतेक दिवस त्या घराचे ताट भाकरी, ठेचा आणि पातळ कालवण यांचेच असते. पाहणीतला हा मांसाहारी माणूस प्रत्यक्षात शाकाहारीच जगतो. फरक इतकाच की त्याने ते व्रत घेतलेले नाही, ते त्याच्यावर लादले गेले आहे. गरोदर स्त्रीच्या आहाराची चर्चा करताना या दुसऱ्या शाकाहाराचा विसर पडता कामा नये.

आता शरीराची गरज पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार गरोदरपणात रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. ही प्रथिने शाकाहारातून मिळू शकतात. ज्वारी, बाजरी, गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून भरून निघते. भाकरी आणि वरण यांची जी जोडी आपल्या आज्यांनी जमवली, तिच्यामागे हे शास्त्र आहे.

या संदर्भात डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे स्मरण करणे उचित ठरेल. जागतिक अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम केलेल्या या मराठी संख्याशास्त्रज्ञाचे प्रतिपादन असे होते की, आपल्याकडची प्रथिनांची टंचाई ही बव्हंशी पोटभर अन्नाचीच टंचाई असते. पोट भरले नाही तर खाल्लेली प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. दारिद्र्यरेषा कशी मोजावी यावर सुखात्मे आणि प्रा. वि. म. दांडेकर यांच्यात पुढे मोठा वाद झाला. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप दरडोई २२५० उष्मांकांवर बेतले होते. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. परंतु सरासरी माणसासाठी काढलेला कोणताही आकडा गर्भवतीला अपुरा पडतो, हे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागेल. तिच्या बाबतीत भाकरीची संख्या वाढवून भागत नाही. ताटातल्या पदार्थांची संख्या वाढवावी लागते.

हिशेब मांडून पाहू. पन्नास ग्रॅम तूरडाळीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८, आणि पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७. बेरीज झाली पंचविसाच्या आसपास. वनस्पतिजन्य प्रथिने थोडी कमी पचतात हे धरूनही गरज भागते, उष्मांकही भागतात. नऊ महिन्यांचे २७० दिवस धरले तर डाळ साडेतेरा किलो, शेंगदाणे आठ किलो आणि दूध ५४ लिटर लागते. डाळ १२० रुपये, शेंगदाणे १४० रुपये आणि दूध ५० रुपये असे भाव धरले तर एकूण खर्च साडेपाच हजारांच्या आत बसतो. एका बालकाच्या जन्माआधीच्या पोषणाची ही किंमत आहे. ती मोठी नाही. परंतु ज्या घरात रोजची मजुरी रोज संपते, त्या घरात ती उभी राहत नाही.

प्रथिनांच्या पुढे तीन गोष्टी येतात: लोह, फोलेट आणि ब-१२ जीवनसत्त्व. फोलेटच्या शोधाची कथा महाराष्ट्राच्या कामगार इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा घातक पांडुरोग हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. रोगजंतू शोधता शोधता ती त्या बायकांच्या ताटापर्यंत पोहोचली. यीस्टचा स्वस्त अर्क दिला असता हा पांडुरोग बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य म्हणजेच आज आपण ज्याला फोलेट म्हणतो ते. जगभरच्या गर्भवतींना आज दिल्या जाणाऱ्या गोळीचे मूळ असे मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या अपुऱ्या आहारात आहे. हे द्रव्य हिरव्या पालेभाज्यांत आणि डाळींत असते. मेथी, शेपू, चवळी, तांदुळजा या भाज्या आपल्या रानात होतात.

लोहाची स्थिती अधिक बिकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बाजरी, पालेभाजी, डाळ यांत लोह आहे. पण वनस्पतींतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणासोबत लिंबू, आवळा, पेरू किंवा मोसंबी असेल तर शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते घटते. आपला जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. ती ट्रकांत भरून दूरच्या शहरांत जाते. तोडणीला जाणाऱ्या गरोदर मजुरणीच्या वाट्याला तिच्या किती फोडी येतात, याची चौकशी करण्यासारखी आहे.

ब-१२ विषयी मात्र शाकाहारी मंडळींशी स्पष्ट बोलले पाहिजे. हे जीवनसत्त्व कोणत्याही भाजीत वा डाळीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. याचा अर्थ फोलेटची गोळी टाकून द्यावी असा नव्हे. ती घेतलीच पाहिजे. अर्थ असा की, दूध-दही पुरेसे न मिळणाऱ्या शाकाहारी गर्भवतीला ब-१२ चीही जोड मिळाली पाहिजे आणि सरकारी लोह-फोलेटच्या गोळीत ती नसते. याच अभ्यासात असेही दिसले की, ज्या माता हिरव्या भाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती, आणि ज्यांच्यावर शेतीचे व घरचे कष्टाचे काम अधिक होते त्यांची लहान. आहार आणि विसावा हे दोन्ही मिळून पोषण होते. खुरपणीला वाकलेल्या बाईला केवळ पालेभाजीचा उपदेश करून चालत नाही.

आता बदनापूरकडे वळू. तुरीवर काम करणाऱ्या देशभरच्या लोकांना या गावाचे नाव ठाऊक आहे. येथील कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले बी.डी.एन. ७११, बी.डी.एन. ७१६ हे वाण आपल्या गावाचे नाव घेऊन शेतोशेती गेले. डाळीचे बियाणे जेथे घडते, त्याच परिसरातील गर्भवतीच्या वाटीत डाळ पातळ का, हा खरा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

देशात डाळींची दरडोई रोजची उपलब्धता १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती. २००१ मध्ये ती ३० ग्रॅमवर आली. नंतर ती काहीशी सुधारली, पण १९६१ ची पातळी पुन्हा गाठली गेली नाही. गहू-तांदळाला सिंचन, खते आणि हमखास खरेदी मिळाली. डाळ कोरडवाहू रानात, पावसाच्या भरवशावर राहिली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली तेव्हा ती गरिबाच्या चुलीवरून उतरली. त्या भावाच्या आशेने शेतकऱ्यांनी तूर पेरली, पीक उदंड आले, आणि २०१७ मध्ये ५०५० रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांबाहेर रांगा लागल्या. बाजारात त्याहून कमी भावाने तूर विकावी लागली. महाग झाली तेव्हा खाणारा मेला, स्वस्त झाली तेव्हा पिकवणारा. आणि लहान शेतकऱ्याच्या घरात तर हे दोघे एकच असतात: सुगीत देणेकऱ्यांसाठी तूर विकायची आणि पुढे दुकानातून पावशेराने डाळ आणायची.

या अवस्थेत शासन काय करते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थ्याला महिन्याला पाच किलो धान्य दिले. त्या कायद्यात डाळ नाही. त्याच कायद्याने गर्भवतीला अंगणवाडीतून विनामूल्य आहार आणि किमान ६००० रुपयांचे मातृत्व साहाय्य हा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५००० रुपये ठेवले गेले. जननी सुरक्षेची रक्कम मिळवून सरासरी सहा हजार होतात, असा शासनाचा हिशेब. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच पैसे. मघाशी काढलेला साडेपाच हजारांचा आकडा आठवा. रक्कम जवळपास तेवढीच आहे. पण पाच हजारांपैकी दोन हजारांचा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद व पहिल्या लसी झाल्यावर मिळतो. जन्मानंतर आलेल्या पैशाने जन्माआधीची डाळ विकत घेता येत नाही. आणि दुसऱ्या, तिसऱ्या वेळी बाईला भूक लागत नाही, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

शासनाला हे जमत नाही असेही नाही. २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू झाली. तीत गर्भवतीला अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते. अंडे खाणारीला अंडे, न खाणारीला दुसरा पदार्थ. कोरडे पाकीट घरी नेले की ते सगळ्या घरात वाटले जाते. ताटात वाढलेले अन्न मात्र तिच्याच पोटात जाते. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीसाठी हा फरक फार मोठा आहे. जालन्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यांना ही योजना का लागू होऊ नये?

एका गोष्टीबद्दल गैरसमज नको. शाकाहार पुरेसा होऊ शकतो असे मी म्हणालो, त्याचा उपयोग कोणाचे ताट हिरावण्यासाठी होता कामा नये. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबांचे, विशेषतः दलित व मुस्लिम वस्त्यांतील, सर्वांत स्वस्त मांस गेले. २०१७ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या पुस्तिकेने गर्भवतींना मांस-अंडी टाळण्याचा सल्ला दिला. २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आलेल्या अंड्यासाठीचा खर्च २०२५ च्या जानेवारीत राज्याने थांबवला. जे काढून घेतले त्याच्या जागी दूध, डाळ, फळ काहीही दिले गेले नाही. व्रताने शाकाहारी असलेल्या स्त्रीचा आपण आदर करू आणि तिला दूध व ब-१२ मिळावे म्हणून भांडू; अंडे खाणाऱ्या स्त्रीला अंडे मिळावे म्हणूनही तितकेच भांडू. दुसऱ्याच्या ताटावर आपले व्रत लादणे हा शाकाहार नव्हे, ती सत्ता होय.

आपल्या समाजातही काही बदलायचे आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मिळतात. पण पोटुशी असताना ‘जास्त खाल्लेस तर मूल मोठे होईल, बाळंतपण अडेल’ असे सांगून तिचा हात आखडता ठेवला जातो. ते लाडू तिला तीन महिने आधी द्यावेत, इतके तरी आपल्या घरांपासून सुरू करता येईल.

१९७२ च्या सुमारास मृणाल गोरे व त्यांच्या सहकारी स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेल-डाळीचा भाव हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे सत्तेला मान्य करावे लागले. आज मोर्चापूर्वी मोजणीची गरज आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील गरोदर स्त्रियांच्या घरी आशाताईंना सोबत घेऊन जावे आणि चार गोष्टी लिहून आणाव्यात: कालच्या दिवसात डाळ किती वेळा खाल्ली, दूध किंवा अंडे मिळाले काय, गोळ्या पोहोचल्या काय, आणि मातृवंदनेचा हप्ता कितव्या महिन्यात हाती आला. या नोंदी गावनिहाय एकत्र करून तहसीलदार आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवू. मागण्या तीन: रेशनवर डाळ, मातृत्व साहाय्याची सर्व रक्कम प्रत्येक खेपेला आणि जन्माआधी, व अंगणवाडीत गर्भवतीला गरम जेवण. येत्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपली वही बरोबर आणावी, एवढीच विनंती.